झपाटलेला आरसा की झपाटणारा?

१.
माइक फ्लॅनगन यांच्या २०१३ सालच्या 'ऑक्युलस' या भयपटाचा मराठीत परिचय लिहिते आहे. केली आणि टिम ही भावंडं. लहानपणी घरात एक जुना आरसा येतो आणि त्यापायी आईवडील दोघेही जातात. अकरा वर्षांनी टिम मनोरुग्णालयातून सुटतो, तोवर केलीने तोच आरसा शोधून काढलेला असतो. कॅमेरे लावून, घड्याळं लावून ती त्याचा दोष सिद्ध करायला बसते.

पहिल्याच वाक्यात मी 'झपाटलेला आरसा' लिहिलं. धाकट्या भावाने वाचून विचारलं, "ताई, त्याला कुणी झपाटलंय? तोच तर सगळ्यांना झपाटतोय." तिथे अडले ती अडलेच. दुसरा शब्द सुचवाल का?

२.
काही बदलू नका. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. वस्तू झपाटलेली असू शकते, हे तेव्हाच रुळलं.

३.
उदाहरण तुमच्या विरुद्धच जातं. तिथे आत्मा बाहेरचा आणि बाहुला आयता सापडलेला. म्हणजे झपाटणारा एक आणि झपाटलेला दुसरा. 'ऑक्युलस'मध्ये आरशात कुणाचा आत्मा शिरलाय हे सांगितलेलंच नाही. त्याच्या आसपासची झाडं सुकतात, माणसांना भलतंच दिसायला लागतं. सफरचंद खाताना विजेचा दिवा चावल्याचा भास केलीला होतो तो प्रसंग आठवा. करणारा आरसाच आहे. त्याला '-लेला' लावलं की गुन्हेगाराला फिर्यादी केल्यासारखं होतं. भाऊ बरोबर बोलला.

४.
'-लेला' म्हणजे नेहमी सोसणारा, हे व्याकरण कुठलं? 'शिकलेला माणूस' स्वतः शिकतो, 'प्यालेला माणूस' स्वतः पितो, 'जग पाहिलेला माणूस' स्वतः पाहतो. तिन्ही क्रियापदं सकर्मक आहेत.

५.
(पुन्हा क्र. ३ कडून) शिकणं, पिणं, पाहणं यांत करणाऱ्याच्याच पदरात काहीतरी पडतं, म्हणून तिथे ते चालतं. 'मारलेला माणूस' म्हटल्यावर मारणारा डोळ्यांपुढे येतो का? झपाटणं हे मारण्याच्या जातीचं आहे.

६.
मी चित्रपटांची उपशीर्षकं लिहितो, हा शब्द वारंवार समोर येतो. माझ्या मते 'झपाटणं' इथे अर्थानेही बसत नाही. त्यात झपाटा आहे, वेग आहे. 'झपाट्याने' म्हणतो तेव्हा भुताचा संबंधही नसतो. हा आरसा शतकानुशतकं घरं बदलत, सावकाश माणसं संपवत आलेला आहे. त्याला 'पछाडणं' हवं. त्यात पिच्छा ऐकू येतो, पाठ न सोडणं ऐकू येतं. आणखी एक फरक बघा. 'कामाने झपाटलेला' हे आपण कौतुकाने म्हणतो, पण 'शंकेने पछाडलेला' कौतुकाने कधीच म्हणत नाही. झपाटलेल्या माणसाला बळ चढतं, पछाडलेला झिजतो.

७.
पिच्छा वगैरे तुम्ही आत घालताय. पछाडणं म्हणजे कुस्तीत पाठीवर आपटणं, चीत करणं. माझे वडील कुस्ती बघताना हाच शब्द वापरायचे, भुताबितांचा विषयही नसायचा.

८.
(पुन्हा क्र. ६ कडून) वडिलांचा अनुभव मान्य. पण पाठ दोन्हीकडे आहेच की. एकात पाठीवर पाडायचं, दुसऱ्यात पाठीमागे लागायचं.

९.
मला हे दोन्ही शब्द निर्जीव वस्तूला नकोत. झपाटायला आणि पछाडायला जीव लागतो. 'झपाटलेलं घर' ही इंग्रजीची उसनवारी आहे. आपण 'त्या घरात भूत आहे' म्हणतो, 'जागा चांगली नाही' म्हणतो. माणसाला भूत लागतं, धरतं, त्याला बाधा होते. घराला काय लागणार? 'भुताळी आरसा' लिहा. 'भुताळी जहाज' चालतं, मग आरसा का नाही?

१०.
उसनवारी असेल, पण दोन पिढ्या वापरल्यावर ती कुणाची? माझी मुलगी 'झपाटलेलं घर' सहज म्हणते आणि तिच्या डोळ्यांपुढे घरच येतं, इंग्रजी येत नाही. शिवाय 'भुताळी' म्हटलं की भूत आलंच. चित्रपटाने जे मुद्दाम लपवलंय ते तुम्ही विशेषणातच सांगून टाकणार.

११.
हेच 'शापित' आणि 'भारलेला' यांचं. शाप म्हटला की देणारा हवा, भारलेला म्हटलं की मंत्र घालणारा हवा. या आरशामागे कुणीच उभा नाही, भीती त्याचीच आहे.

१२. (मूळ प्रश्नकर्ती)
सगळं वाचते आहे. (६) मधल्या फरकामुळे वेगळंच लक्षात आलं. चित्रपटात झपाटलेली कुणी असेल तर ती केली. दोन्ही अर्थांनी. अकरा वर्षं तिने दुसरं काही मनात येऊ दिलेलं नाही, आणि आरशाला नेमकं हेच हवं आहे. आता वाक्य असं केलंय: "एका आरशाने झपाटलेल्या दोन भावंडांची गोष्ट." विशेषण आरशावरून काढून माणसांवर घातलं. चालेल?

१३.
टिमला झपाटलेला कसं म्हणता? तो तर अर्धा चित्रपट बहिणीला समजावत असतो, की आरशात काही नव्हतं, आपल्याच आठवणी खोट्या आहेत. झपाटलेली ती एकटी.

१४.
वाक्य छान आहे, पण 'भावंडं' फार घरगुती वाटतं. भयपटाच्या परिचयात 'सहोदर' शोभेल.

१५.
सहोदर म्हणजे एका उदरातून आलेले. सावत्र भाऊबहीण त्यात मावत नाहीत, भावंडांत मावतात. आणि घरगुती वाटतं म्हणून तर ते इथे हवं. भीती घरातूनच येते आहे ना?

१६.
'भावंड' शब्दात भाऊ उघड दिसतो, बहीण कुठेच नाही, तरी अर्थ दोघांचा. शिवाय तो भाऊ, ती बहीण आणि ते भावंड! मला एकच मोठी बहीण आहे, पण 'माझं भावंड' असं तिच्याबद्दल एकवचनात माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. तुम्ही कुणी एकवचनात वापरता का?

१७.
आम्ही वापरतो. 'पाठचं भावंड' एकवचनीच आहे.

१८.
ते लहान मूल असताना. मोठ्या बहिणीला नाही म्हणत कुणी.