१९१७ची गिब्सन ए मॅन्डोलिन: आवाज चिरका, आतला ब्रेस खरवडावा का?

जुनी_खुंटी: लंबगोल भोकाची मॅन्डोलिन आहे, मानेत ट्रस रॉड (मान वाकू नये म्हणून आत बसवलेली सळई) नाही. मूळ घोडीच्या (तारा टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) जागी चाकांनी वरखाली होणारी घोडी बसवलेली आहे. तारांची जाडी ०.०११ ते ०.०४० इंच. जी आणि डी तारा भरीव वाजतात, पण ई चिरकते आणि ए सातव्या पडद्यानंतर (फ्रेटनंतर) लगेच विझते. बाराव्या पडद्यावर तारांची उंची २.५ मिमी. भोकातून ब्रेस (तबलीला, म्हणजे वरच्या लाकडी फळीला, आतून चिकटवलेली आधाराची पट्टी) थोडा पातळ केला तर आवाज मोकळा होईल का? टेलपीसही (तारांची खालची टोकं अडकतात तो भाग) बदलायचा विचार आहे.

सरस_आणि_भुसा: ब्रेसला हात लावू नका. त्या काळच्या या मॉडेलमध्ये भोकाखाली एकच आडवा ब्रेस असतो, घोडीचा दाब तोच पेलतो. तो पातळ केला की तबली हळूहळू खचते, आणि तासलेलं लाकूड परत येत नाही.

सुरुवात तारांपासून करा. तुमच्या सेटचा एकूण ताण ८० किलोच्या आसपास जातो. ट्रस रॉड नसलेल्या मानेला तो जड आहे. ०.०१० ते ०.०३४चा सेट लावा. एकेक तारच बदला. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी जागची हलते. दोन-तीन दिवसांनी एक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून सातव्यावरची फट बघा. साध्या कागदाइतकी असेल तर मान ठीक आहे. त्यानंतरच उंची ई खाली १.५ आणि जी खाली २ मिमीपर्यंत आणा.

घोडीवाला: ई चिरकते म्हटल्यावर माझा पहिला संशय घोडीच्या पायांवर. चाकांची घोडी १९२१च्या सुमाराची, म्हणजे तुमची नक्की नंतरची, आणि ती या तबलीच्या उतारावर घासून बसवली असेलच असं नाही. पायाखाली पातळ कागद सरकवून पाहा. कुठेही शिरला तर तिथे तबलीला कंप पोचत नाही.

तारा सैल करा, घोडीची जागा चिकटपट्टीने खुणा करून ठेवा. तबलीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ताणून धरा आणि घोडी तारांच्या दिशेने, एकाच बाजूला ओढा. पुढेमागे घासलं की घोडी डुलते आणि पायांच्या कडा गोल होतात. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. शेवटचे हात २२० नंबरवर. तपासणी पूर्ण ताणावर पुन्हा करा, कारण चाकांमधला तळ दाबाखाली किंचित वाकतो आणि टोकं उचलली जातात. तसं झालं तर कडक तळाची किंवा एकसंध घोडी घ्या. एकसंध घोडी हलकी असते, आवाज लवकर उठतो. उंची मात्र तासूनच जमवावी लागते.

सूर लावताना घोडी नटकडे (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडे) झुकते. मागची बाजू उभी आहे ना, ते दर वेळी पाहा. बाराव्या पडद्यावरचा दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर घोडी टेलपीसकडे सरकवा.

जुनी_खुंटी: आणि ए विझते ते नटमुळे का?

सरस_आणि_भुसा: नाही. पडद्यावर तार दाबली की नटचा संबंध संपतो. तीन पडद्यांवर बसेल एवढी छोटी पोलादी पट्टी ठेवत पुढे सरका. डुलली तर मधला पडदा उंच. मान धडाला मिळते तिथे हे हमखास सापडतं. पडदा सुटून वर आलेला असेल तर आधी तो बसवा, कानस नंतर.

तारतम्य: टेलपीस राहू द्या. झाकण थरथरत असेल तर आतून चामड्याची पट्टी लावा, आणि घोडीमागच्या तारांमध्ये तसलीच पट्टी ओवा. ईचा चिरकेपणा तेवढ्यानेही बराच उतरतो.

एक राहिलं: तबलीवर बोटाने टकटक करून बघा. कुठे खरखर आली तर ब्रेस सुटलाय. तो गरम सरसानेच चिकटवा. पांढऱ्या गोंदाचा अंश राहिला की पुढच्या दुरुस्तीत सरस तिथे धरत नाही.