रॉटवायलर दत्तक घेतोय, सोसायटी म्हणते बंदी आहे! तातडीने मदत हवी

सायली_आत्या
मंडळी, शनिवारी कुत्री घरी आणायची आहे आणि आज सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की "ही जात सरकारने बॅन केली आहे, गेटच्या आत येणार नाही." खाली एकोणीस अंगठे. खरंच बंदी आहे का? त्यांच्या तोंडावर कुठला कागद टाकू? भाच्यासाठी आणतोय, त्याला गरज आहे. शेल्टरवाल्या मॅडम म्हणतात कुत्री एकदम शांत आहे. "कुत्रं कशाला पाळता" हे सांगायला कृपया येऊ नका.

तात्या_भोरकर
ताई, कुत्री किती वर्षांची? नसबंदी झालीय? भाचा केवढा? "गरज" म्हणजे काय? धाग्यात कुत्रीपेक्षा सेक्रेटरीच जास्त आहेत.

नियमावली
वकील नाही, पण याच भानगडीतून गेलोय. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि आधीपासून घरात आहेत त्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. ते एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये मार्चचा फोटो असणार. एप्रिलची बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही. दुसरा कागद अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक. त्यात स्पष्ट आहे की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. दोन्हींच्या प्रती काढा. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट मात्र तुमच्याकडे हवंच.

गावठी_जिंदाबाद
जर्मन कुत्री हवीच कशाला? कोपऱ्यावरचं गावठी पिल्लू उचला. आजारी पडत नाही, ताकभात खातं.

हणमंत_सांगली
गावठी घरात टिकत नाही. कारवान घ्या, आपल्याकडची शिकारी, पळणारी जात. आमच्याकडे तीन आहेत.

गावठी_जिंदाबाद
कारवान फ्लॅटमध्ये? त्याला पळायला काय लिफ्ट देणार का?

सायली_आत्या
अहो कुत्री *ठरली आहे*. चार वर्षांची, ब्रीडरने पिल्लांसाठी ठेवली होती, मग सोडून दिली. नसबंदी शेल्टरने केली. भाचा नऊ वर्षांचा, बोलताना अडखळतो. वर्गात हसतात म्हणून मोठ्याने वाचणं त्याने बंदच केलंय. त्या दिवशी शेल्टरमध्ये जाळीबाहेर बसून त्याने तिला भिंतीवरचं लसींचं वेळापत्रक वाचून दाखवलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. वहिनी बाजूला जाऊन रडली. आता कळलं ना गरज म्हणजे काय? @नियमावली, खूप आभार.

फ्रीमाँटची_वहिनी
इथे अमेरिकेत लायब्ररीत मुलं कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवतात. १९९९ साली सॉल्ट लेक सिटीत सुरू झालेला उपक्रम आहे. कुत्रा मध्येच दुरुस्त करत नाही, घड्याळ बघत नाही. २००७ मध्ये व्हर्जिनियात फुटबॉलपटू मायकेल व्हिकच्या जागेवरून झुंजीचे पन्नासेक पिटबुल सोडवले होते. त्यातला जॉनी पुढे थेरपी डॉग (लोकांना धीर द्यायला नेतात तो कुत्रा) झाला आणि मुलं त्याच्याशेजारी बसून वाचायची. नक्की आणा!!

ब्रूनोचा_बाबा
इंग्लंडात पिटबुलला आया म्हणूनच ठेवायचे. नॅनी डॉग! बदनामी सगळी मीडियाची.

ओली_माती
ही दंतकथा आहे. हे कुत्रे बैलांवर सोडायला तयार केले होते. १८३५ मध्ये ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आली, तेव्हा लोक चोरून कुत्र्यांच्या झुंजी लावू लागले. पिटबुल वाचवणाऱ्या बॅडरॅप संस्थेनेसुद्धा २०१३ मध्ये "नॅनी डॉग" म्हणणं सोडून दिलं. का, तर त्या नावावर विसंबून लोक पोरांना कुत्र्याजवळ एकटं सोडतात.

ब्रूनोचा_बाबा
माझा ब्रूनो माशीलाही चावला नाही.

ओली_माती
ब्रूनो लॅब्राडॉर आहे, तुमच्या प्रोफाइलवर दिसतंय.

तात्या_भोरकर
सायलीताई, कुत्री कधी घरात राहिली आहे का? आणि घरात अजून कोण कोण असतं?

सायली_आत्या
साखळीलाच होती बहुतेक. घरी आई (गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), दादा, वहिनी, मी आणि भाच्याची दीड वर्षाची बहीण. पण कुत्री तिच्यासाठी नाहीच आहे, भाच्यासाठी आहे.

तात्या_भोरकर
कुत्रीला हे कोण सांगणार?

रागावू नका. घरी दोन रॉटवायलर म्हातारे होऊन गेले, जातीला मी नावं ठेवणार नाही. मूळचे हे खाटकांची गुरं हाकणारे, गाड्या ओढणारे कुत्रे. अंगाने धक्का देणं त्यांच्या रक्तात आहे. माझ्या मादीने आनंदाने नुसतं ढुंगण फिरवलं तरी पाहुण्यांच्या कपबशा जायच्या. दीड वर्षाचं पोर आणि ऑपरेशनचा गुडघा यांना तेवढंच पुरे. चावायचीसुद्धा गरज नाही.

शिवाय तिची पिल्लं दरवेळी काढून घेतली असणार. रांगतं पोर तिच्या ताटलीकडे गेलं तर ती काय करेल, हे शेल्टरलाही माहीत नाही, कारण तिथे रांगतं पोरच नाही. "शांत" म्हणतात ती कधीकधी घाबरून गोठलेली असते. खरा स्वभाव दिसायला तीन आठवडे, कधी तीन महिने लागतात. जिभल्या चाटते का, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवते का, अंग ताठ करते का, ते बघा. गुरगुरली तर ओरडू नका. गुरगुरणं मोडलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

ओली_माती
तात्यांना अनुमोदन. गळामिठीचे फोटो तर अजिबात नकोत.

फ्रीमाँटची_वहिनी
किती घाबरवताय तिला! सगळी कुत्री प्रेमाची भुकेली असतात.

तात्या_भोरकर
वहिनी, लायब्ररीतला कुत्रा पारखून, परीक्षा घेऊन आणतात, आणि त्याला सांभाळणारा माणूस शेजारी बसलेला असतो. इथे शेजारी कोण बसणार? दादा ऑफिसात, आई पलंगावर.

सायली_आत्या
दोन दिवस तुमच्यावर चिडून होते, तात्या. काल दादाला धागा दाखवला, तो म्हणाला "मी हेच म्हणत होतो" (म्हणत नव्हता). शनिवारी आणत नाही. मॅडमशी बोलले. दर रविवारी सकाळी भाच्याला तिथे नेणार, तो जाळीबाहेर चटई टाकून वाचेल, मॅडम आत कुत्रीजवळ बसतील. दिवाळीनंतर बघू. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "म-मग गोष्ट कुठली नेऊ?" सेक्रेटरींना कागद मात्र देऊन आले. ते म्हणतात कमिटीपुढे ठेवतो.

नियमावली
पोच सही-शिक्क्यासह घेतलीत ना?

सायली_आत्या
नाही!!

आयुर्वेद_प्रेमी
धागा आत्ताच वाचला. वेखंड मधात उगाळून जिभेवर लावा, महिन्यात बोलायला लागेल.

ओली_माती
कुत्री?