'रिअल-टाइम एमआरआय'मधल्या 'रिअल-टाइम'ला मराठीत काय म्हणावं?

नांदेडची वाचक: एमआरआयच्या पडद्यावर बघत रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत कॅथेटर नेतात, त्यावर लेख लिहायलेय. अँजिओग्राफीत हे क्ष-किरणांवर चालतं. एमआरआयमध्ये किरणांचा मारा नाही, म्हणून जन्मजात हृदयदोष असलेल्या, पुन्हा पुन्हा कॅथेटर घालावं लागणाऱ्या लेकरांसाठी हे फार मोलाचं आहे. 'कॅथेटर'ला 'नळी' लिहिलं, तर आमच्याकडे लघवीचीच समजतात. तो शब्द तसाच ठेवला. पण 'रिअल-टाइम'ला 'वास्तवकालीन' लिहिलं आणि ते मलाच पटेना.

जालनेकर: नकोच. 'वास्तव' म्हटलं की समोर 'काल्पनिक' उभं राहतं. 'थेट' घ्या, थेट प्रक्षेपण घराघरात कळतं.

लातूरचा मास्तर: इथं 'थेट' अडचणीचा आहे. "डॉक्टरांनी थेट एमआरआयच सांगितला" म्हणजे सोनोग्राफी वगैरे मधलं काही न करता. 'तत्क्षण' कसा?

परभणीकर (एमआरआय तंत्रज्ञ): 'तत्क्षण' काटेकोर नाही. सेकंदाला पाच-दहा चित्रं तयार होतात आणि पडद्यावर यायला किंचित उशीर लागतोच. माझ्या मते विशेषण शोधण्यातच चूक होतेय. आपण "एमआरआय काढला" म्हणतो, फोटो काढल्यासारखा. इथं चित्र काढून ठेवायचं नाही, हात चालू असताना बघत राहायचं. फरक क्रियापदात आहे, आणि ते रूप आपल्या बोलीत तयार आहे: "कॅथेटर जायलंय, दिसायलंय." 'दिसतंय' हे रोज दिसणाऱ्या गोष्टीलाही चालतं; 'दिसायलंय' म्हणजे या घडीला, डोळ्यांसमोर. पुण्याकडचे लोक 'करायलास'ला हसतात, मला मात्र या कामाला याहून नेमकं रूप माहीत नाही.

नांदेडची वाचक: पटलं! लेखात "एमआरआयवर बघत-बघत कॅथेटर नेणे" लिहिते. नातेवाइकांच्या माहितीपत्रकात 'दिसायलंय'च ठेवते. आता गाइडवायर. 'वाटाड्या तार' कसं वाटतं? कॅथेटर तिच्यावरूनच पुढं सरकतं.

परभणीकर: छान आहे, पण तिची अडचणही लिहा. लांब धातूची तार एमआरआयच्या रेडिओलहरी ओढून घेते आणि टोकाशी तापू शकते. म्हणून धातू नसलेल्या तारा बनवल्या, शिवाय 1.5 टेस्लाऐवजी 0.55 टेस्लाच्या, म्हणजे कमी ताकदीचं चुंबक असलेल्या, यंत्रावर काम झालं. तिथं तापणं बरंच कमी. आता धातूच नसेल तर 'तार' म्हणायचं का, हे मास्तरांनी सांगावं.

लातूरचा मास्तर: खुशाल म्हणा. पाक एकतारी होतो, त्यात कुठला धातू?