हॉटेलची महागाई: मेनूकार्ड बघायचं की बिल?

हिशोबी:
महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकातला 'रेस्टॉरंट आणि हॉटेल'चा आकडा मला कधीच पटत नाही. मी बिलं जपून ठेवतो (हसा खुशाल). परवा दोन वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं बिल शेजारी ठेवलं. तीच जागा, तोच पदार्थ, मेनूकार्डावरचा दरही तोच. पण वाटी उथळ झालीय, सोबत फुकट यायचं ते आता वेगळं मागवावं लागतं, आणि तळाशी सर्व्हिस चार्जची नवी ओळ उगवलीय. दर तोच, म्हणून महागाई शून्य? मेनूकार्ड कसलं बघता, ग्राहकाचं बिल बघा.

कोष्टक:
साफ असहमत. बिल म्हणजे दर गुणिले तुम्ही काय काय मागवलंत ते. पगार वाढला म्हणून भारीतलं मागवलं, तर ती महागाई नव्हे, चंगळ. म्हणून तर तोच पदार्थ, तेच ठिकाण, तेवढंच प्रमाण धरून दर महिन्याला भाव टिपतात. आणि तुमच्या तक्रारींना नियमात जागा आहे. सक्तीचा सर्व्हिस चार्ज किमतीतच मोजतात, खुशीची टिप सहसा नाही. प्रमाण घटलं तर ती दरवाढ धरायची असते.

हिशोबी:
'धरायची असते'! पाकिटावर वजन छापलेलं असतं, वाटीवर कुठे असतं? भाव टिपायला येणारा माणूस काटा घेऊन येतो का?

मुक्कामपोस्ट:
तुम्ही दोघं जेवणातच अडकलात. मराठीत खायचं तेही हॉटेल आणि राहायचं तेही हॉटेल. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कॉयकॉप या घरखर्चाच्या वर्गीकरणानेही १९९९ साली दोघांची मोट अकराव्या विभागात एकत्र बांधली. पण खरी गोची खोलीची आहे. तिला एक असा दरच नसतो. तीच खोली, तीच रात्र: सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा, रद्द करता येणारी असेल तर तिसरा. यातला टिपायचा कोणता?

युरोपीय संघाच्या सामायिक निर्देशांकात सेवेचा दर ती सेवा ज्या महिन्यात सुरू होऊ शकते त्या महिन्यात धरतात. मार्चमध्ये पैसे भरून ऑगस्टची खोली घेतली, तर ती ऑगस्टच्या महागाईत. खिसा मार्चमध्येच रिकामा झाला, ते वेगळं.

आणि स्वीडन आठवा. मे २०२३ मध्ये स्टॉकहोमला गायिका बियॉन्सेचे दोन कार्यक्रम झाले. त्या महिन्याची महागाई अंदाजापेक्षा जास्त निघाली, तेव्हा एका बँकेच्या अर्थतज्ज्ञाने थोडं खापर त्या गर्दीने चढलेल्या हॉटेल-दरांवर फोडलं. जे घराबाहेरही पडले नाहीत, त्यांची महागाई वाढली ती कशी?

कोष्टक:
निर्देशांक कुणा एकाच्या घरचा नसतो हो. भारांक, म्हणजे कुठल्या खर्चाला किती वजन द्यायचं ते, सगळ्यांच्या खर्चावरून ठरतात. युरोपच्या त्या निर्देशांकात तर परदेशी पाहुण्यांनी तिथे केलेला खर्चही येतो. पर्यटकांच्या देशात हॉटेलांचं पारडं जड होणारच. खोलीच्या भावाला मात्र एका दिवसाची नोंद पुरत नाही, हे कबूल. बुकिंगच्या वेगवेगळ्या मुदतींचे भाव घ्यायला हवेत.

शंकासुर:
एक बाळबोध प्रश्न. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारने सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून जेवणाऱ्यांचं निम्मं बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, स्वतः भरलं. त्याआधी जुलैतच या धंद्यावरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ५ वर आणला होता. किरकोळ महागाई जुलैतल्या १.० टक्क्यावरून ऑगस्टमध्ये ०.२ वर आली, आणि घसरणीत मोठा वाटा हॉटेलातल्या जेवणाचाच. आता मालकाच्या गल्ल्यात पूर्ण पैसे, ग्राहकाच्या खिशातून निम्मे. किंमत कोणती?

कोष्टक:
ग्राहकाने मोजली ती. निर्देशांकाच्या नावातच 'ग्राहक' आहे.

हिशोबी:
म्हणजे शेवटी बिलच बघितलंत ना!

कोष्टक:
बिलाचा तळ बघितला. वरची यादी नाही.

हिशोबी:
असू दे. वाटीचं काय ते सांगा.