पायरेटेड सिनेम्याचा दंड नेटवाल्यानं का भरायचा?

शेंगाचटणी: काल एकानं इथं लिहिलं, ‘पायरेटेड सिनेमा बघणाऱ्याचं कनेक्शन नेटवाल्यानंच कापावं, नाहीतर दंड त्यालाच ठोकावा.’ वाचून डोकं फिरलं. आमच्या गल्लीतला नेटवाला पावसात खांबावर चढून तुटलेली फायबर जोडतो. त्यातून सिनेमा चाललाय का पोराचा ऑनलाइन क्लास, हे त्यानं बघत बसायचं? आयटी कायद्याचं कलम 79 याचसाठी आहे. वाहून नेणाऱ्यावर मालाची जबाबदारी नाही, आदेश आला की बंद करायचं. डुप्लिकेट चादरी नेल्या म्हणून ट्रकवाल्याला आत टाकता का?

सातरस्ता: माल खोटा आहे हे सांगूनही तो रोज नेत असेल, तर टाकावाच. 2019 मध्ये यूटीव्ही या सिनेमा कंपनीच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टानं नव्या मिरर साइटही, म्हणजे बंद साइटच्या हुबेहूब नकलाही, त्याच आदेशात जोडायची सोय केली, ती काय हौस म्हणून? एक बंद केली की दुसऱ्या नावानं उगवते. माझ्या मामाचं सीडीचं दुकान होतं. कायदेशीर सीडी ठेवायचा बिचारा. फुकट्यांनी बुडवलं. आता रिकामे रॅक माळ्यावर पडलेत.

गिरणीचा_नातू: चादरीचं नाव काढलंत म्हणून बोलतो. 2005 ला सोलापुरी चादरीला जीआय मिळालं, म्हणजे गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, पुढं काय? हायवेच्या दुकानात ‘सोलापुरी’ लेबल लावून पातळ छापील माल विकतात. खरी चादर उलटी करून बघा, मागंही तीच नक्षी दिसते, रंग तेवढे उलटे. जीआय कायद्यात शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, कॉपीराइटच्या कलम 63 मध्येही तेवढीच. पण सिनेमावाल्यांसाठी रातोरात साइट बंद, आणि यंत्रमागवाल्यासाठी कुत्रं विचारत नाही.

पूर्वभाग: तो माल आणतात कोण? इथलेच व्यापारी. बोलायला लावू नका.

गिरणीचा_नातू: बोलाच की! नाहीतर गप बसा. सगळेच चोर का बे?

पूर्वभाग: ‘बे’ कुणाला? माझं अख्खं घर मागावर बसलंय. डुप्लिकेटमुळं मजुरी कुणाची कमी झाली, ते मला शिकवू नका.

शेंगाचटणी: ओ, धागा नेटचा आहे! 2012 ला मद्रास हायकोर्टाच्या आदेशावरून नेट कंपन्यांनी व्हिमिओसारख्या अख्ख्या साइट बंद केल्या होत्या. मग कोर्टालाच सांगावं लागलं, ठरावीक लिंकच बंद करा. दंडाची भीती घातली की असंच होणार, कंपनी घाबरून दिसेल ते बंद करणार.

सातरस्ता: बरं, अख्ख्या साइटचं मान्य. पण लिंक दिल्यावर तरी महिनाभर झोपायचं का?

शेंगाचटणी: आदेश हातात असून झोपला, तर तो दोषी. झालं समाधान? पेढे वाटा.

सातरस्ता: पेढे नंतर. तुमच्या पेनड्राइव्हमधले सिनेमे विकतचेत का, ते आधी सांगा.

गिरणीचा_नातू: आणि पांघरता ती चादर कुठली, तेही.