रसवंतीसाठी कागदी ग्लास कुठले घ्यावेत?

रसवंतीवाली: सांगली-तासगाव रस्त्याला कवलापूरजवळ आमची रसवंती आहे. बसून पिणाऱ्यांना काचेचे ग्लास देतो, अडचण पार्सलची. दिवसाला शंभरेक जातात. बर्फाचा रस ओतला की पाच मिनिटांत कागदी ग्लास बाहेरून घामेजतो, तळाची कड फुगते आणि रस गाडीच्या सीटवर. २०० मिलिचा, न गळणारा, मातीत जिरणारा ग्लास सुचवा. एका ग्लासमागे रुपयाच्या वर परवडत नाही.

मिरजकर७७: चिपाडाचे घ्या. मुलीच्या बारशाला आणले होते, साडेचार रुपयाला एक. पाहुण्यांनी घरी नेले, एवढे देखणे!

कृष्णाकाठ: ताई, तुम्हाला चहाचे ग्लास दिलेत. त्यांना फक्त आतून थर असतो. गार पेयाला दोन्ही बाजूंनी थर लागतो, नाहीतर बाहेरचं पाणी कागदात मुरतं. आइस्क्रीमच्या गाड्यावर माझा अख्खा उन्हाळा यात गेला.

वाळव्याचा मास्तर: थर म्हणजे प्लास्टिकच. जुलै २०२२ मध्ये राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ग्लासवरही बंदी आणली. पहिला दंड ५,००० रुपये. खरगपूर आयआयटीने तर १०० मिलि गरम पाणी १५ मिनिटं अशा कपात ठेवलं, त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० कण उतरले.

मिरजकर७७: ते गरम पाण्याचं झालं. रस गार असतो.

वाळव्याचा मास्तर: बंदी गार-गरम बघत नाही.

तासगावची सून: सरळ टेट्रापॅक करा. महिनोन् महिने टिकतो.

कृष्णाकाठ: त्यातही कागद पाऊण हिस्सा, बाकी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम. शिवाय रस १३५ अंशांच्या वर तापवून भरायचा. शंभर पार्सलसाठी ते यंत्र कोण बसवणार?

तासगावची सून: बरं. पण रस काळा पडू नये म्हणून लिंबू सढळ पिळा. आलंही हवंच.

विट्याचा पाव्हणा: आलं नको, उसाची चव मरते. आणि ग्लास चिपाडाचेच घ्या, मीही तेच सांगतो.

साताऱ्याहून: मक्यापासून केलेल्या थराचे घेतले होते, तीन रुपयाला. परसात पुरले. वर्षाने खणलं तर कागद गेलेला, थर मात्र पापुद्र्यासारखा हातात आला. त्याला साठ अंशांच्या आसपास तापणारा मोठा खतप्रकल्प लागतो. घेताना कोणी सांगितलं नव्हतं.

रसवंतीवाली: सगळ्यांचे आभार. घरात बोलणं झालं. पार्सलचा ग्लासच बंद करतोय. उद्या पाटी लावते: बाटली आणा, भरून देऊ, दोन रुपये कमी. नसेल त्याने इथं बसून प्यावं. थोडं गिऱ्हाईक तुटेल, तुटू दे. परवा पोरगा ओढ्यात उतरून काठीने आमचेच ग्लास काढत होता. ते बघवलं नाही.

मिरजकर७७: तरी चिपाडाचे शंभर ठेवाच, ताई. दुकानाचा पत्ता निरोपात पाठवलाय.