घराच्या दुरुस्तीचा खर्च क्रेडिट कार्डावर टाकावा का?

ठाणेकर : ओटा नव्याने बांधणे, न्हाणीघरातील फरशी बदलणे किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेणे, अशा कामांचा खर्च क्रेडिट कार्डावर टाकून तो सवडीने फेडायचा, ही पद्धत अनेक घरांत रुळली आहे आणि ती घातक आहे असे माझे ठाम मत आहे. थकबाकीवर अनेक बँका दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागतो. म्हणजे दोन लाखांची बाकी एक महिना नुसती पुढे ढकलली, तरी ७,००० रुपये व्याज आणि १,२६० रुपये कर अंगावर पडतो. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि त्यानंतरच्या किराणा मालावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या मर्यादेचाही आधार ग्राहकाला उरलेला नाही.

नाशिककर : आपण सांगता तो धोका खरा आहे, परंतु तो थकबाकी ओढत नेणाऱ्याचा आहे. कार्डावरील खरेदी ठरावीक हप्त्यांत बदलून घेतली, तर चित्र वेगळे दिसते. दोन लाख रुपये वार्षिक १५ टक्क्यांनी बारा हप्त्यांत फेडले, तर व्याज आणि त्यावरील जीएसटी मिळून साधारण १९,६०० रुपये होतात. प्रक्रिया शुल्क वेगळे. तीच रक्कम साडेनऊ टक्क्यांच्या टॉप-अप कर्जाने, म्हणजे चालू गृहकर्जावर मिळणाऱ्या वाढीव कर्जाने, घेऊन दहा वर्षांत फेडली, तर व्याजच एक लाख दहा हजारांच्या वर जाते. दर कमी असला की कर्ज स्वस्त, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. आणि ज्याचे गृहकर्ज केव्हाच फिटले आहे किंवा जो गावठाणातील वडिलोपार्जित घरात राहतो, त्याला टॉप-अप देणार कोण? मे महिन्याच्या अखेरीस स्लॅब गळतो हे लक्षात आले, तर कागदपत्रे जमेपर्यंत पाऊस थांबत नाही.

हिशेबनीस : नाशिककर, आपण एक वर्ष आणि दहा वर्षे यांची तुलना करत आहात, ती न्याय्य नाही. तेच साडेनऊ टक्क्यांचे कर्ज एका वर्षात फेडले, तर व्याज सुमारे १०,४०० रुपये होते. चल दराचे, म्हणजे ज्याचा व्याजदर वेळोवेळी बदलतो असे, गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीपूर्वी फेडल्यास बँक दंड आकारू शकत नाही, त्यामुळे दहा वर्षांची मुदत घेऊनही लवकर मोकळे होता येते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावटही मिळते. दुसरी अडचण व्यवहारातली आहे. फरशी, नळ, रंग यांचे दुकानदार कार्ड घेतील, परंतु गवंडी आणि प्लंबर यांची मजुरी रोखीने किंवा थेट खात्यात द्यावी लागते. त्यासाठी कार्डावरून रोख काढली, तर शुल्क लागते आणि व्याज पहिल्याच दिवसापासून चालू होते.

नाशिककर : मजुरीचा मुद्दा मला मान्य आहे; ती बचतीतूनच द्यावी. मात्र सामानापुरते कार्ड वापरण्यात मला अजूनही गैर वाटत नाही, कारण पक्के बिल मिळते आणि माल आलाच नाही तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. गृहकर्ज नसलेल्यांचा प्रश्नही आपण अनुत्तरित ठेवला आहे.

ठाणेकर : त्यांच्यासाठी पतसंस्थेचे किंवा सोनेतारण कर्ज आहे, आणि त्याचा दर थकबाकीच्या दराहून बराच कमी असतो. माझी खरी भीती हप्त्यांच्या पलीकडची आहे. जुन्या इमारतीत फरशी उखडली की खालचे गंजलेले पाइप दिसतात, भिंतीचा गिलावा काढला की वायरिंग बदलणे भाग पडते आणि दोन लाखांचे काम तीन लाखांवर जाते. हप्त्यांत अडकलेली रक्कम कार्डाच्या मर्यादेतून आधीच वजा झालेली असते. वाढलेला खर्च उरलेल्या मर्यादेत कसाबसा बसवला, तर त्याच महिन्यात दवाखान्याचे बिल भरण्यासाठी कार्डावर काहीच शिल्लक राहत नाही, आणि अर्धवट फोडलेल्या न्हाणीघरामुळे काम थांबवण्याचीही सोय नसते. ज्याच्याकडे या वाढीव लाखाची तजवीज बँकेत वेगळी पडून आहे, त्याने सामान कार्डावर घेण्यास माझी हरकत नाही. ज्याच्याकडे ती नाही, त्याने यंदा फक्त गळती थांबवावी आणि ओटा पुढच्या वर्षी करावा.